घोळणा फुटला, भोवळ आली : घरात काय ठेवले आहे?



भावाची चर्चा दुपारी होणारच आहे. त्याआधी थोडा वेळ आम्ही लेकरांसाठी मागून घेतला आहे.

लहान मुलाचा घोळणा फुटणे आपल्याला नवीन नाही. उन्हाळ्यात नाक आतून कोरडे पडते, पोर बोट घालते, खपली निघते, रक्त येते. बहुतेक वेळा एवढेच असते. रक्त पाहून घाबरलेले मूल पांढरेफटक पडून भोवळ येऊन कोसळते, हेही होते. मग ‘उष्णता झाली’ म्हणायचे, कांदा फोडून हुंगवायचा आणि खुरपे उचलायचे.

आमच्या भागातल्या एका शेतमजुराच्या चार वर्षांच्या मुलाचे असेच झाले. तीन दिवस नाक थांबून थांबून वाहत होते. चौथ्या दिवशी पोर अंगणात चक्कर येऊन पडले. हिरड्यांतून रक्त, मांडीवर मार न लागता काळेनिळे डाग. तपासणीत प्लेटलेट ठीक निघाल्या, हिमोग्लोबिन मात्र सातवर आलेले आणि रक्त गोठायला लागणारा वेळ भलताच वाढलेला. तेव्हा डॉक्टरांनी आईला विचारले, ‘बाई, घरात उंदराचे औषध आहे का?’ होते. कणगीखाली ब्रोमाडिओलोनच्या रंगीत वड्या होत्या. पोराने खाऊ समजून त्या कित्येक दिवस चघळल्या होत्या.

हे विष मोठे फसवे. रक्त गोठायला ‘के’ जीवनसत्त्व लागते, त्याचेच काम हे बंद पाडते. खाल्ल्याबरोबर काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी रक्त सुरू होते, तोवर वडीची आठवण कोणाला राहणार? वेळेत कळले तर उपाय आहे. के-१ जीवनसत्त्व देतात, पण ते कित्येक आठवडे चालू ठेवावे लागते. रक्त थांबले म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. ते पोर आज खेळते आहे.

प्रत्येक वेळी वडीच असेल असे नाही. प्लेटलेट दीड लाखाच्या बऱ्याच खाली असतील तर डेंग्यूपासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत कारणे असतात, आणि सर्दीतापानंतर काही दिवस प्लेटलेट उतरून आपोआप सुधारणारीही मुले असतात. पळताना मूल कोसळले तर हृदय तपासावे लागते, तिथे नाकाचा संबंध नाही. फवारणीच्या औषधाने भोवळ आली तर लाळ, घाम सुटतो, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसावर माणसे गेली. त्या औषधाचा डबा आपल्या घरात पोराच्या हाताला लागेल असा असतो, हे आम्हाला पटत नाही.

घोळणा फुटला तर मुलाला बसवा, मान पुढे झुकवा, मागे नको, नाहीतर रक्त घशात उतरते. नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरा, मध्ये सोडून बघू नका. वीस मिनिटांत थांबले नाही, पुन्हा पुन्हा आले, डाग दिसले किंवा भोवळ आली, तर १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना उंदराच्या औषधाचे पाकीट, फवारणीचा डबा, जे घरात असेल ते पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता टेबलावर ठेवा.