जुन्या वास्तूला नवा उजेड देताना



विषय वाचून काहींना वाटलं असेल की आज तासभर वॅटचे आकडे ऐकावे लागणार. आकडे येतील, पण बेतानं. माझं म्हणणं एवढंच आहे: प्रत्येक जुन्या वास्तूत तिच्या कर्त्यांनी उजेडाची व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते. आपले दिवे त्या व्यवस्थेच्या हाताखाली काम करायला हवेत.

अजिंठ्याचं पहिलं लेणं घ्या. बाहेर वाघोरेच्या घळीत भर दुपारचं ऊन असतं, म्हणजे सुमारे एक लाख लक्स. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. एक मेणबत्ती मीटरभर अंतरावर साधारण १ लक्स उजेड देते. ओसरीत पाऊल टाकलं की हा आकडा कोसळतो. खांबांच्या मंडपात तो आणखी उतरतो, आणि गाभाऱ्यातल्या बुद्धापर्यंत पोचतो तो दारातून थेट आत आलेला उजेड. ऊन, ओसरी, मंडप, अंतराळ, गाभारा अशी ही उतरंड आहे. मानवी डोळ्याला अंधाराशी पुरतं जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. विहारात राहणाऱ्या भिक्खूंपाशी तेवढा वेळ होता. आजच्या पर्यटकाला मागची रांग तो मिळू देत नाही. मग तो म्हणतो, "काही दिसत नाही हो, मोठा दिवा का लावत नाहीत?"

मोठ्या दिव्याची किंमत भिंत भरते. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर, सेंद्रिय डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेल्या रंगांची आहेत. उजेडानं होणारी हानी साठत जाते. ५० लक्स शंभर तास पडला काय आणि १०० लक्स पन्नास तास पडला काय, हिशेब जवळपास सारखाच, आणि उडालेला रंग विश्रांती दिली म्हणून परत येत नाही. म्हणूनच संग्रहालयांत पोथ्या, कापड, जलरंग यांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात. त्यात जुन्या पिवळ्या बल्बची नि हॅलोजनची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. तापलेली हवा वर चढते, सोबत धूळ नि काजळी नेते आणि छतावर चिकटवते.

अजिंठ्यात एके काळी वाटाडे आरसे धरून, पांढऱ्या कापडावर ऊन परतवून चित्रं दाखवत. पुढे काही लेण्यांत प्रकाशतंतूंची योजना आली. दिवा दूर एका पेटीत ठेवायचा आणि त्याचा उजेड काचेच्या तंतूंतून आत न्यायचा. उष्णता पेटीतच राहते, अतिनील किरणही तिथेच गाळता येतात. उजेड थोडाच मिळतो. पण ओसरीपासूनच झगमगाट टाळला तर थोडा पुरतो. मंद चित्र दिसावं म्हणून चित्रावरचा दिवा वाढवण्याआधी त्याच्या शेजारचा दिवा कमी करून पाहावा, हे आमच्या प्रकाशयोजनेच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

आता रोमकडे वळू. व्हॅटिकनमधलं सिस्टीन चॅपल. लांबी सुमारे ४१ मीटर, छताची उंची सुमारे २१. मायकेलँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात हे छत रंगवलं. पुढे 'अंतिम न्याय' या भित्तिचित्रासाठी वेदीमागच्या भिंतीतल्या दोन खिडक्या चिणल्या गेल्या. म्हणजे या वास्तूच्या उजेडाशी पहिला मोठा खेळ चित्रासाठीच झाला होता! विसाव्या शतकाच्या अखेरीस हानीच्या भीतीनं खिडक्यांवर आडोसे आले, प्रखर हॅलोजन निघाले, आणि जगप्रसिद्ध छत अंधूक झालं. २०१४ साली तिथे सुमारे ७,००० एलईडी बसवले. ते ठेवले सुमारे दहा मीटर उंचीवरच्या कंगणीवर, खिडक्यांच्या खाली, खालून दिसणार नाहीत असे. उजेड येतो तो खिडक्यांच्याच अंगानं. भिंतींवरच्या रंगद्रव्यांची आधी मोजणी झाली आणि वेगवेगळ्या रंगांचे एलईडी त्यानुसार जुळवले. चित्रावर पडतात फक्त ५० ते १०० लक्स. आपल्या बैठकीच्या खोलीत रात्री याहून फार वेगळा उजेड नसतो. तरीही तो आधीच्या कित्येक पट आहे. समारंभांसाठीची प्रकाशयोजना वेगळी आहे, ती रोज लागत नाही.

मला यातलं यंत्र महत्त्वाचं वाटत नाही. दिव्यांची जागा कुणी ठरवली? खिडक्यांनी.

आता आपल्या गावाकडे येऊ. वाड्याचा उजेड चौकातून येतो, सोप्यावरून दिवाणखान्यात शिरतो. तिथे तक्तपोशीला भोकं पाडून पांढरेफटक दिवे ओळीनं बसवले की खांबांची कोरीव कणसं सपाट होतात, कारण कोरीव काम दिसतं ते सावलीमुळे. त्याला तिरपा उजेड लागतो. देवळात समईचा उजेड मूर्तीच्या दोन बाजूंनी, खालच्या अंगानं येतो. मूर्तीच्या डोक्यावर फोकस लावला की डोळ्यांच्या खोबणीत सावली बसते आणि प्रसन्न चेहरा रागावलेला दिसतो. काळा पाषाण, शेंदूर, सागवान यांना २७०० केल्विनच्या आसपासचा उबदार उजेड मानवतो, आणि रंग खरे दिसावेत म्हणून दिव्याचा सीआरआय, म्हणजे रंगदर्शन निर्देशांक, नव्वदच्या वर हवा. स्वस्त एलईडीखाली कुंकू मातकट दिसतं. रंग बदलणाऱ्या माळा उत्सवात चार दिवस शोभतात. बारमाही लावल्या की देऊळ मंगल कार्यालय होतं.

या सभेत देवस्थानांचे विश्वस्त आहेत, वाड्यांचे मालक आहेत. त्यांना चार गोष्टी सांगून थांबतो. एक, दिवे निवडण्याआधी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वास्तूत बसा आणि ऊन कुठे येतं, कुठे कधीच येत नाही, हे नोंदवा. दोन, भोक पाडायचंच झालं तर दगडात नको, सांध्यातल्या चुन्यात पाडा, म्हणजे पुढे दिवा काढला तरी खूण बुजवता येईल. तीन, लाकडामागे दडलेल्या जुन्या वायरा आधी बदला. नक्षीदार झुंबराचा खर्च त्यानंतर. चार, कायमचं काही बसवण्यापूर्वी स्टँडवर तात्पुरते दिवे लावून एक रात्र पाहा, पुजाऱ्यांना आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून पाहा. आणि ठेकेदार या एका रात्रीला तयार नसेल, तर त्याचं दरपत्रक परत करा.