संघमित्रेच्या किनाऱ्यावर

(श्रीलंकेच्या धम्मयात्रेहून परतल्यानंतर मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



श्रीलंकेच्या यात्रेविषयी चार शब्द बोलावेत, असा मंडळाचा आग्रह झाला. अनुराधपूर, मिहिंतले, कँडी ही ठिकाणे आपल्यापैकी काहींनी पाहिली आहेत आणि बाकीच्यांनी त्यांची छायाचित्रे पाहिली आहेत. म्हणून आज आम्ही बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील एका आडबाजूच्या जागेविषयी बोलणार आहोत. तिचे नाव दंबकोळ पटुन.

जाफना शहर मागे टाकून उत्तरेकडे निघाले की दोन्ही बाजूंना ताडाची झाडे आणि तांबड्या मातीतली कांद्याची शेते दिसू लागतात. या भागात बारमाही नदी नाही. सगळा जीव विहिरींवर. पुढे रस्ता अरुंद होतो, घरे विरळ होतात आणि एकदम समोर समुद्र येतो. पलीकडे तामिळनाडूचा किनारा. वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, एक पांढरा स्तूप, बोधिवृक्ष आणि संघमित्रेचा पुतळा. एवढेच ते ठिकाण.

प्राचीन जंबुकोल बंदर ते हेच, असे मानले जाते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची शाखा घेऊन येथे उतरली. राणी अनुलेला आणि तिच्या सोबतच्या स्त्रियांना प्रव्रज्या हवी होती. स्त्रियांना दीक्षा देण्यासाठी भिक्खुणी हवी, म्हणून महेंद्र थेरांनी आपल्या बहिणीला बोलावून घेतले. राजा देवानंपिय तिस्स गळ्याइतक्या पाण्यात उतरून सामोरा गेला आणि बोधिवृक्ष त्याने मस्तकावर घेतला, असे महावंस सांगतो. पुढे त्या वृक्षाची आठ रोपे झाली. त्यांतले एक याच बंदरावर लावले गेले आणि एक तिवक्क नावाच्या ब्राह्मणाच्या गावात.

बंधू-भगिनींनो, नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे. म्हणजे आपल्या अंगणातल्या सावलीची वाट या किनाऱ्यावरून गेली आहे. तेथे उभे असताना आमचे हात आपोआप जोडले गेले.

परंतु आम्हाला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. तेथे दक्षिणेकडून यात्रेकरूंच्या बसगाड्या येतात, फुले वाहिली जातात, छायाचित्रे निघतात आणि गाड्या परत फिरतात. शेजारचे गाव मात्र पाहायचे राहून जाते. हे गाव तमिळ कोळ्यांचे आहे. १९८३ ते २००९ या काळातल्या युद्धात या पट्ट्यातल्या हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. किनारा सैन्याच्या ताब्यात गेला. युद्ध संपल्यावर जमिनी टप्प्याटप्प्याने परत मिळू लागल्या, पण सर्वांना सर्व मिळाले नाही. कांकेसंतुरईजवळच्या तय्यिट्टी येथे तर एक विहारच आमच्या जमिनीवर बांधला गेला, असे सांगत तमिळ कुटुंबांनी २०२३ साली आंदोलन केले. पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो : जे दिले नाही ते न घेण्याचे. हे शील विहाराच्या भिंतींनाही लागू आहे, असे आम्हाला वाटते.

याच परिसरात माविट्टपुरम नावाचे मुरुगनाचे मोठे देऊळ आहे. १९६८ साली तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या तमिळांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. सामाजिक भेदभावाविरुद्धचा कायदा १९५७ सालीच झाला होता, तरी देवळांची दारे, चहाच्या दुकानांतली बाकडी आणि गावच्या विहिरी सर्वांना खुल्या झाल्या नव्हत्या. हे ऐकताना महाडचे १९२७ चे चवदार तळे आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचे १९३० चे दार कोणाला आठवणार नाही? समुद्र ओलांडून गेलो, भाषा परकी, लिपी परकी, आणि दुःख मात्र आपल्या ओळखीचे!

आम्ही दुभाष्याला घेऊन वस्तीत गेलो. जाळी विणणाऱ्या माणसांनी बसायला जागा करून दिली, घरातून पाण्याचे तांबे आले. बोलणे निघाले ते मासळीचे, डिझेलच्या भावाचे आणि समुद्रतळ खरवडून नेणाऱ्या भारतीय ट्रॉलरांनी फाडलेल्या जाळ्यांचे. आम्ही भारताचे, हे त्यांना ठाऊक होते. तरी पाण्याच्या तांब्यात काही फरक पडला नाही.

धम्म हा कोणा एका भाषेचा किंवा एका वंशाचा नाही. तमिळ भाषेतले ‘मणिमेखलै’ हे महाकाव्य बौद्धच आहे. सिंहली बौद्धांनी हा वृक्ष दोन हजार वर्षांहून अधिक काळ जपला, हे त्यांचे ऋण आपण कधी विसरू नये. पण संघमित्रा या किनाऱ्यावर पाहुणी म्हणून आली होती, बोलावल्यावर आली होती आणि काही घ्यायला नव्हे तर द्यायला आली होती. आपणही तसेच जावे.

म्हणून मंडळाला आमची नम्र सूचना आहे. पुढच्या यात्रेच्या कार्यक्रमात या ठिकाणी अर्ध्या तासाऐवजी अर्धा दिवस ठेवावा. जेवण गावातल्याच खानावळीत घ्यावे. चार तमिळ शब्द शिकून जावे. निदान ‘वणक्कम’ आणि ‘नंद्री’, म्हणजे नमस्कार आणि आभार. विहाराच्या दानपेटीत जेवढे टाकू, तेवढेच गावच्या शाळेतल्या मुलांच्या वह्यांसाठी द्यावे. वृक्षाला पाणी घालणाऱ्याने त्याच्या शेजारी राहणाऱ्याची तहान विचारली नाही, तर त्या यात्रेला धम्मयात्रा कसे म्हणावे?



नमो बुद्धाय! जयभीम!