टपाल खात्यातला कादंबरीकार

नोकरी सांभाळून पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्यांनी अँथनी ट्रोलप या इंग्रज लेखकाची दिनचर्या जरूर जाणून घ्यावी. ट्रोलप टपाल खात्यात होते. 1843मध्ये आयर्लंडमधलं एक पडकं घर पाहून त्यांना पहिली कादंबरी सुचली. ती 1847मध्ये छापली गेली, पण खपली नाही. पुढच्या दोन्हीही खपल्या नाहीत. 1855च्या ‘द वॉर्डन’मुळे थोडं नाव झालं, तरी नोकरी त्यांनी 1867पर्यंत सोडली नाही.

पहाटे साडेपाचला ते लिहायला बसत. त्यांना उठवून कॉफी देणाऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला 5 पौंड जादा मिळत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचं, तेही वाक्यांचा नाद कानाने पारखत. ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते. वाक्य कुठे अडखळतंय, हे डोळ्यांआधी कानाला कळतं. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द! रेल्वेच्या प्रवासातही ते पेन्सिलीने लिहीत आणि पत्नी रोझ नंतर ती पानं शाईने उतरवून काढत. रोज किती पानं झाली, याची नोंद ते वहीत ठेवत. आळसात गेलेले दिवसही त्या वहीत दिसत.