पहिल्या पावसातली बुलेट
मृगाचा पहिला पाऊस पडला की डांबरावरचं ऑइल आणि धूळ मिसळून रस्ता साबणासारखा होतो. बुलेट जवळजवळ दोनशे किलोची. वर दोन माणसं, एक पोतं. घसरायला लागली की पाय टेकून सावरत नाही. वळणात जोरात ब्रेक दाबला तर घसरतेच. वेग वळणाआधी कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून. २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस असतं, चाक जाम होत नाही. पण वळणावरच्या चिखलात त्याचाही भरवसा नाही.

आपण मागं बसणाऱ्या. एका बाजूला बसलं की तोल तिकडंच जातो. आमच्या गटानं दोन्हीकडं पाय टाकून बसायचं ठरवलंय. साडी आहे म्हणून काय झालं? पदर मात्र खोचा, चाकात जातो. हेल्मेट आपल्यालाही हवंच. आणि 'हळू घ्या' म्हणायचं ते वळण यायच्या आधी. वळणात त्यांचा खांदा ओढू नका.