दिवाळीची रात्र : मुले आणि मुकी जनावरे

भंडारा जिल्ह्यात दिवाळी येते ती धानाच्या कापणीबरोबर. हलके धान बांधीतून निघालेले असते, पुंजणे रचलेले असतात आणि गोठ्याजवळ तणस साठू लागते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एखाद्या बाणाची वाट चुकली, म्हणजे वर्षाची मेहनत आणि दाव्याला बांधलेली गुरे दोन्ही एका ठिणगीच्या स्वाधीन होतात. ज्या अंगणाशेजारी पुंजणे आहे, तेथे बाण उडविणे हा उत्सव नव्हे, निव्वळ अविचार होय.

पुढे गायगोधन. ज्या गाईंना गोवारी मंडळी सजवून वाजतगाजत मिरवितात, त्याच गाई आदल्या रात्री आवाजाने भेदरून दावे ओढीत असतात! त्या रात्री गोठ्यात घरचे एखादे माणूस असावे. ओळखीच्या हाकेने गुरे निवतात. पणती तणसीपासून दूर, कोनाड्यात ठेवावी. कुत्र्याची गोष्ट निराळी. माणसाचा कान सेकंदास सुमारे 20 हजार कंपनांपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे 45 हजारांपर्यंत. त्यास आतल्या खोलीत, दारे लावून, पाणी देऊन ठेवावे. शेपटीस फटाके बांधणाऱ्या पोरास मात्र खोडकर म्हणून सोडून देऊ नये.

मुलांना खरा धोका अलीकडे एका नव्याच खेळण्याचा. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि ठिणगी मिळताच बार होतो. बार झाला नाही, तर मूल साहजिकच नळीत डोकावते. नेमका तेव्हाच स्फोट होतो. 2025 च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळात, कितीतरी मुलांचे डोळे अशा बंदुकींनी दुखावले. ही वस्तू घरात येऊच देऊ नये.

फुलबाजी निरुपद्रवी समजली जाते, तीही चुकीने. विझल्यावर तिची तार बराच वेळ तापलेली राहते आणि अनवाणी पाय तिच्यावर पडतात. पाण्याची बादली जवळ असावी, जळकी तार तीत टाकावी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीच्या फटाक्यांस रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली; तान्ह्या मुलांच्या आयांना ती कधीच ठाऊक असावयास हवी होती.

भाजलेच, तर तो भाग 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. तूप, शाई, बर्फ काही लावू नये. डोळ्यात कार्बाइड उडाल्यास तो न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि मुलास त्याच रात्री दवाखान्यात न्यावे. सकाळची वाट पाहू नये.