मुलांचा वाफा

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथच्या परिसरात कापसाची शेते चहूकडे दिसतात. पण त्याचे संकरित बियाणे शेतकऱ्याला दरसाल विकत घ्यावे लागते. मग बी घरचेही असू शकते, हे तेथील मुलाने पाहावे कोठे? माझ्या मते, शाळेच्या वाफ्यात.

कल्पना नवी नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये शेती हाही एक पाठच झाला. मात्र गुरुजींच्या फुलझाडांना मुलांनी नुसते पाणी घालावे, ही नयी तालीम नव्हे; ती वेठ होय!

वाफा मुलांचाच हवा. वाल, अंबाडी, दोडका त्यांनीच लावावा. दुपारच्या जेवणाचे तांदूळ, भाज्या धुतलेले पाणी तिकडे वळवावे. पालापाचोळा खड्ड्यात कुजवावा. रुजले की नाही, हे पाहण्यासाठी कोणी बी उकरील, उकरू द्यावे. आळीतील एखाद्या आजीबाईंना मात्र अवश्य बोलवावे. वालाची कोणती शेंग वेलीवरच वाळू द्यायची, तिचे बी राखेत घालून मृगापर्यंत कसे जपायचे, हे त्यांना ठाऊक असते. राखलेल्या शेंगेला मुलांनी लाल दोरा बांधावा, म्हणजे ती चुकून भाजीत जाणार नाही.