धरणे आणि सोडणे

पेशीला आकार येतो तो मुख्यतः अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांच्या ओढाताणीतून. अ‍ॅक्टिनचे तंतू असतात. मायोसिनची डोकी ते धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढे सरकून पुन्हा धरतात. एटीपी हे इंधन ओढीसाठी लागतेच, पण त्याहून आधी ते सोडण्यासाठी लागते. ते संपले की डोकी तंतूंना चिकटून राहतात. मृतदेह काही तासांत ताठरतो तो यामुळे.

जिवंत माणसाच्या स्नायूतही असे घडू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूर भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली. अशा ढिगाऱ्याखाली मांडी दडपली की तिचा रक्तपुरवठा तुटतो, एटीपी आटतो, पेशीत कॅल्शियम घुसते. स्नायू आखडलेलाच राहतो आणि मरू लागतो. दाब हटला की त्यातले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरतात. पहिल्याने हृदय बंद पडू शकते, दुसऱ्याने मूत्रपिंडे. म्हणूनच शक्य असेल तिथे माणसाला बाहेर काढण्याआधीच सलाइन लावतात.

हीच ओढ स्नायूंबाहेरही चालते. पेशी दुभंगताना तिच्या कमरेला अ‍ॅक्टिन-मायोसिनचे कडे आवळते. गर्भात चौथ्या आठवड्यात पेशींच्या सपाट थराची वरची टोके आवळली जातात, थर वळतो आणि मेंदू-मज्जारज्जूची नळी मिटते. ती मिटली नाही तर बाळ पाठीच्या कण्यातील उघड्या भागासह जन्माला येऊ शकते.

चुलीवर भाजलेल्या तळहाताची जखम कडांनी आत ओढली जाते, ते मायोफायब्रोब्लास्ट पेशींचे काम. जखम भरल्यावर त्यांनी मरून जायचे असते. त्या टिकून राहिल्या तर व्रण आकसत जातो आणि बोटे तळव्याकडे वाकतात. फुप्फुस किंवा यकृत घट्ट होण्यामागेही याच पेशी असतात. मात्र तिथे वाकलेले बोट दिसत नाही, म्हणून निदानाला उशीर होतो.

हृदयाचा प्रश्न आपल्या उपखंडाला अधिक जवळचा आहे. मायोसिनच्या डोक्यांना आवर घालणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांची गळती झालेली आढळते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की भारतीय उपखंडात शंभरात सुमारे चौघे ती बाळगतात आणि त्यांना उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका बराच अधिक असतो. तारुण्यात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. हृदयाची भिंत जाड होऊन रक्ताची वाट अडते त्या विकारासाठी मायोसिनला सैल करणारे मावाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाले, पण ही गळती बाळगणाऱ्या प्रत्येक वाहकाला ते द्यायचे नसते. जास्त सैल पडलेले हृदयही निकामीच.

वाहक ओळखणे मात्र अवघड नाही. २५ अक्षरांचा फरक साध्या पीसीआरनंतर जेलवर दोन वेगळ्या पट्ट्यांत दिसतो. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून जैवतंत्रज्ञानाची पदवी घेणाऱ्या स्नातकांनी तेवढे काम प्रात्यक्षिकांत केलेले असते. कुटुंबात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेले असेल, तर उरलेल्यांच्या चाचणीची सुरुवात या साध्या पीसीआरपासूनच होऊ शकते.